हवेतली शेजपाळी

रात्रीचे नऊ वाजलेत. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात जेवणं उरकून माणसं ओट्यावर, गच्चीवर येऊन बसली आहेत. कुणी हळदीचा आजचा भाव बघतंय, कुणी मॅच, कुणी पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीला व्हिडिओ कॉल लावलाय. मोबाइलच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या आहेत, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं आणि मुलीचा चेहरा मध्येच थिजतो. हाच मोबाइल घेऊन पहाटे चारला दारं धरायला निघावं, तर त्याच जागी तोच व्हिडिओ सरसर चालतो. टॉवर जागचा हललेला नाही, मोबाइलही बदललेला नाही. मग ‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही’ असं रोज संध्याकाळी का म्हणावं लागतं?

काड्या एवढंच सांगतात, की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोहोचतो. तो टॉवर त्या घटकेला किती जणांत वाटला जातोय, हे त्या सांगत नाहीत. शेतकऱ्याला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. कालवा काठोकाठ वाहतोय हे बांधावरून दिसतं. आपल्या चारीला पाणी कधी सुटणार आणि किती तास चालणार, हे मात्र पाळीवर ठरतं.

कुरुंद्याच्या भागात तर हे सांगायची गरजच नाही. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून महाराष्ट्राला माहीत झालेलं हे गाव. इथे टोकाई सहकारी साखर कारखाना आहे, आणि तालुक्याची हळद बाजारात नाव राखून आहे. ऊस आणि हळद, दोन्ही पिकं तहानलेली. वसमतच्या बऱ्याच शिवाराला पूर्णा प्रकल्पाचं पाणी येतं; येलदरीत साठतं, सिद्धेश्वरमधून कालव्यात उतरतं. ते वाटायची महाराष्ट्रातली रीत म्हणजे शेजपाळी. पाण्याचा अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची, आणि मग चारीवर शेजाऱ्यामागून शेजारी अशी पाळी चालायची. नियम असा, की पाळी टेलपासून, म्हणजे शेवटच्या टोकापासून सुरू व्हावी आणि वर मुखाकडे यावी. वरच्यानं आधी भिजवलं, तर खालच्याच्या वाट्याला कोरडी चारी येते, हे ओळखून केलेला हा नियम आहे.

चारीवर पाळी लावणारा पाटकरी असतो, तसाच मोबाइलच्या टॉवरवरही एक पाटकरी बसलेला आहे. तो माणूस नाही, संगणकाचा प्रोग्रॅम आहे. अभियंते त्याला शेड्युलर म्हणतात. सेकंदाला हजार वेळा तो ठरवतो, की आत्ताची पाळी कुणाची.

हवेचे वाफे

वाटायचं काय असतं? हवेतल्या लहरींचा एक पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम. कंपनी तो सरकारकडून लिलावात घेते आणि त्याची रुंदी ठरलेली असते. ४जीच्या एलटीई तंत्रात १० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्याचे १८० किलोहर्ट्झच्या ५० सऱ्यांत भाग पाडतात; कडेला बांधासारखी थोडी मोकळी जागा सोडतात, म्हणजे शेजारच्या पट्ट्यात पाणी फुटू नये. दुसऱ्या बाजूनं वेळेचे तुकडे करतात, एकेक मिलिसेकंदाचे. सरी आणि तुकडा मिळून एक वाफा तयार होतो. असे सेकंदाला ५० हजार वाफे. टॉवरच्या त्या बाजूला जोडलेल्या सगळ्यांचे व्हिडिओ, भाव, फोटो आणि हाका एवढ्याच वाफ्यांत बसवायच्या असतात.

आता यातली खरी अडचण. कालव्याचं पाणी मुखाशीही पाणीच आणि टेललाही पाणीच. हवेतला वाफा मात्र कुणाच्या हाती पडतो यावर त्याचं पीक ठरतं. समोरासमोर बसलेल्या माणसाशी आपण भरभर, हळू आवाजात बोलतो. ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलायचं तर एकेक शब्द ओरडून, दोनदा-तीनदा सांगावा लागतो. मोबाइलचंही तसंच. प्रत्येक मोबाइल थोड्या-थोड्या मिलिसेकंदांनी टॉवरला आपल्याकडची अवस्था शून्य ते पंधरा या आकड्यांत कळवतो. एलटीईच्या मूळ कोष्टकात आकडा पंधरा असेल, तर दर हर्ट्झमागे सेकंदाला ५.५५ बिट पाठवता येतात. आकडा एक असेल, तर जेमतेम ०.१५. तोच वाफा आणि तेवढाच वेळ, पण माल छत्तीस पट कमी-जास्त.

मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या मजकुराची रीत तर थेट पाणी अर्जासारखी आहे. तुम्ही फोटो पाठवायला बोट टेकवता, तेव्हा मोबाइल आधी टॉवरला छोटा इशारा करतो: मला पाठवायचंय. मग आपल्याकडे किती माल साठलाय ते कळवतो. टॉवर वाफे मंजूर करतो, आणि त्यानंतरच फोटो निघतो. अर्ज, मंजुरी, पाळी हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं.

तिघांचा हिशेब

समजा, टॉवरखाली तिघेच आहेत. एक बसस्टँडवर, टॉवरच्या अगदी समोर. दुसरी गावठाणात, जाड भिंतींच्या घरात. तिसरा दूर हळदीच्या रानात, आखाड्यावर. एकट्याला सगळे वाफे दिले, तर पहिल्याला ४० मेगाबिटचा वेग मिळेल, दुसरीला २० चा आणि तिसऱ्याला २ चा. आता पाटकऱ्यानं काय करावं?

पहिला मार्ग नफ्याचा. जिथे पीक जास्त तिथे सगळं पाणी. पहिल्याला ४०, बाकी दोघांना शून्य. टॉवरची एकूण बेरीज सर्वांत मोठी येते आणि दोन माणसं कोरडी राहतात.

दुसरा मार्ग सगळ्यांना सारखा वेग देण्याचा. ऐकायला हाच न्याय वाटतो. पण हिशेब मांडला, तर प्रत्येकाला १.७४ मेगाबिट येतात, कारण आखाड्यावरच्या माणसाला तेवढा वेग द्यायला टॉवरचा ८७ टक्के वेळ खर्ची पडतो. तिघांची बेरीज ४० वरून ५.२ वर घसरते. एकाला वर आणताना सगळं गाव खाली आलं.

तिसरा मार्ग सगळ्यांना सारखा वेळ देण्याचा. तीच आपली घड्याळी पाळी. तिघांना १३.३, ६.७ आणि ०.६७ मेगाबिट मिळतात. बेरीज २०.७. दूरचा माणूस मागेच राहतो, पण कोरडा राहत नाही.

या तिसऱ्या मार्गामागे एक देखणं गणित आहे. केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९७ मध्ये त्याला नेमकी व्याख्या दिली: वाटप टक्क्यांत मोजा. एक मेगाबिट इकडून तिकडे गेल्याचं सुख-दुःख दोघांना सारखं नसतं. ४० मिळणाऱ्याला एक मेगाबिट म्हणजे अडीच टक्के. दोन मिळणाऱ्याला तेच पन्नास टक्के. म्हणून वाटप असं असावं, की त्यात कसाही बदल केला, तरी सगळ्यांच्या टक्क्यांतल्या वाढी-घटीची बेरीज शून्याच्या वर जाऊ नये. पहिल्याला २० टक्के वाढवून दिले, तर उरलेल्या दोघांचे मिळून किमान २० टक्के जातातच, असं झालं की वाटप बरोबर बसलं. याला प्रमाणशीर न्याय म्हणता येईल. आपल्या तिघांच्या उदाहरणात तो न्याय घड्याळी पाळीशी तंतोतंत जुळतो.

वाफसा आला की पेरणी

मात्र हवा कधी स्थिर नसते. टॉवरहून निघालेली लहर पत्र्यावर आपटते, भिंतीवरून परतते, झाडातून झिरपते, आणि अनेक वाटांनी मोबाइलपर्यंत येते. कुठे या वाटांवरून आलेल्या लहरी एकमेकींना साथ देतात, कुठे एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १७ सेंटिमीटर असते. त्यामुळे मोबाइल अर्धी वीत सरकवला, तरी चांगल्या जागेची वाईट जागा होऊ शकते. खिडकीशी मोबाइल इकडे-तिकडे करून रेंज शोधणारी आजी नकळत हाच भौतिकशास्त्राचा प्रयोग करत असते.

अभियंत्यांनी बरीच वर्षं या चढ-उताराला शत्रू मानलं. १९९५ मध्ये रेमंड नॉप आणि पिएर हम्बले यांनी तो संधी म्हणून मांडला. शेतकऱ्याला ती गोष्ट एका शब्दात कळेल: वाफसा. पाऊस पडला की सगळी रानं एकदम पेरणीला येत नाहीत. कुणाचं आज, कुणाचं परवा. ट्रॅक्टर एकच असेल, तर शहाणा मालक तो ज्याच्या रानाला आज वाफसा आहे तिकडे पाठवतो. टॉवरचंही तसंच. माणसं जितकी जास्त, तितकी त्या क्षणी कुणाची तरी हवा उत्तम असण्याची शक्यता जास्त. प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या चांगल्या क्षणी वाफे दिले, तर कोणाचंही न काढता सगळ्यांच्या वाट्याला थोडं-थोडं जास्त येतं.

फक्त एक पथ्य पाळावं लागतं. ‘सगळ्यांत चांगली हवा कुणाची’ असं विचारलं, तर उत्तर नेहमी बसस्टँडवरच्याच माणसाचं येईल. म्हणून प्रश्न बदलायचा: ‘स्वतःच्या नेहमीच्या मानानं आत्ता कुणाची हवा चांगली?’ पाटकरी प्रत्येकाचा आत्ता शक्य असलेला वेग घेतो आणि त्याला आतापर्यंत मिळालेल्या सरासरी वेगानं भागतो. ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी. आखाड्यावरचा माणूस काही क्षण वंचित राहिला, की त्याची सरासरी उतरते, भागाकार वाढतो, आणि पाळी त्याच्याकडे येतेच. २००० साली क्वालकॉम कंपनीच्या अभियंत्यांनी मोबाइल इंटरनेटसाठी मांडलेला हा नियम पुढे ३जी, ४जी आणि ५जीच्या शेड्युलरांचा पाया ठरला. एका भागाकारात एवढी माणुसकी बसवता येते, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

प्रत्येकाची घाई वेगळी

जुन्या टेलिफोनचं वाटप सोपं होतं. डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्येच त्याचं गणित मांडायला सुरुवात केली होती: इतके लोक, इतक्या मिनिटांचं बोलणं, तर तारा किती लागतील. बोलणं सुरू असेपर्यंत तार तुमची. इंटरनेट असं चालत नाही. पान उघडलं की क्षणभर लोंढा येतो, मग वाचत असताना मिनिटभर शुकशुकाट. त्या शुकशुकाटात तुमच्यासाठी तार अडवून ठेवणं म्हणजे रिकाम्या रानात पाणी सोडून देणं. म्हणून मजकुराचे तुकडे करून, ज्याला जेव्हा लागेल तेव्हाच वाफे देतात.

पण प्रत्येक तुकड्याची घाई सारखी नसते. बोलण्याचा आवाज दर २० मिलिसेकंदांनी चिमूटभर येतो. उशिरा पोहोचला, तर वायाच जातो. ४जीच्या मानकांत अशा आवाजासाठी उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद धरली आहे, तर साध्या ब्राउझिंगसाठी ३००. रात्री उतरवायला लावलेल्या सिनेमाला काही सेकंदांनीही फरक पडत नाही. म्हणून ४जीवरचा साधा कॉल रांगेत पुढे घेतात. रोप उन्हानं माना टाकत असेल तर त्याला आधी पाणी, वाढलेल्या उसाला नंतर, असा हा विवेक.

आणि पाठवणाऱ्यानंही हात आखडता घ्यायला शिकावं लागतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर कोसळला. तुकडा पोहोचला नाही म्हणून प्रत्येक संगणक तो पुन्हा-पुन्हा पाठवत होता, आणि त्या पुनरावृत्तीनंच वाट बंद झाली. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: तुकडा हरवला, तर वाट भरली आहे असं समजून वेग कमी करायचा, आणि मग हळूहळू वाढवायचा. तारेवर हे छान चाललं. हवेत मात्र तुकडा गर्दीमुळेच हरवतो असं नाही, भिंत आड आल्यानंही हरवतो. भिंतीनं हरवलेला तुकडा गर्दीचा समजून वेग उगाच कमी होऊ नये म्हणून टॉवर आणि मोबाइल हरवलेले तुकडे आपसात काही मिलिसेकंदांतच पुन्हा पाठवून घेतात, दूरच्या सर्व्हरला कळूही देत नाहीत.

जेव्हा सगळेच एकदम हाक मारतात

जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. नांदेड आणि परभणीतही तो जाणवला. अशा क्षणी प्रत्येक हात मोबाइलकडे जातो. एरवी शंभरातले थोडेच लोक एका वेळी वाफे मागत असतात. त्या क्षणी सगळेच मागतात. कुठलाही न्यायी नियम अपुऱ्या वाफ्यांचे जास्त वाफे करू शकत नाही.

इथे वेगळी युक्ती लागते. हजार माणसांना हजार संदेश पाठवायला हजारांचे वाफे लागतात. दवंडी एकदाच पिटली जाते आणि सगळ्यांना ऐकू जाते. २०२३ मध्ये देशात ठिकठिकाणी मोबाइल जोरात वाजून पडद्यावर चाचणीची सूचना उमटली होती, ती ही दवंडी, सेल ब्रॉडकास्ट. त्यात टॉवर थोडेच वाफे वापरून कक्षेतल्या चालू मोबाइलना एकदमच सांगतो. संकटात आपणही लांबलचक व्हिडिओ कॉलऐवजी ‘सुखरूप आहोत’ असा दोन शब्दांचा संदेश पाठवला, तर पुरात अडकलेल्या कुणाच्या तरी हाकेला वाट मिळते.

पाणीच वाढवायचे मार्गही आहेत. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून शिरतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पल्ला कमी, पण रुंदी भरपूर. ५जीमध्ये १०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात २७३ सऱ्या बसतात. एकाच टॉवरवर ६४ अँटेना-घटक जुळवून लहर ज्याच्या-त्याच्या दिशेनं वळवता येते, आणि मग एकच वाफा एकाच क्षणी दोन दिशांच्या दोन माणसांना देता येतो. टॉवरला मागून येणारी फायबरची वाहिनीही तेवढीच रुंद हवी. कालवाच आटला, तर चारीवरची पाळी कितीही नेटकी असून उपयोग नाही.

यादी जाहीर हवी

हे सगळं वाचून ‘ते इंजिनिअर बघतील’ असं म्हणून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्या खंडपीठातलं प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं होतं. म्हणजे कंपनीला लिलावात मिळतो तो वापराचा हक्क. मालकी जनतेचीच राहते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायनं मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली, त्यामागेही हाच विचार होता: वाट सगळ्यांची आहे.

पण शेवटची पायरी अजून अंधारात आहे. मोबाइलची जागतिक मानकं अर्ज कसा करायचा, मंजुरी कशी कळवायची, हे बारकाईनं ठरवतात. पाळी कुणाला द्यायची हा नियम मात्र ती ठरवत नाहीत. तो उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये असतो, आणि मोबाइल कंपनी तो हवा तसा थोडा इकडे, थोडा तिकडे झुकवू शकते. नफ्याकडे झुकवला, की आखाड्यावरचा माणूस पहिला कोरडा पडतो.

वाटपात काय मोजायचं, ही निवड माणसांनी करायची असते, हे महाराष्ट्रानं पाण्याच्या बाबतीत दाखवून दिलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि ऊस नाही. पाणी तेवढंच होतं. मोजमाप बदललं आणि ज्यांना कधी पाणी मिळालं नव्हतं, त्यांच्या रानात ते पोहोचलं.

हवेसाठीही एक साधी मागणी करता येईल. २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपलं नेटवर्क कुठवर पोहोचतं याचे नकाशे जाहीर करावे लागतात. नकाशा काड्यांबद्दल सांगतो, वाट्याबद्दल नाही. अभियंते मात्र टॉवरची गुणवत्ता तपासताना सर्वांत मागे पडलेल्या पाच टक्के ग्राहकांचा वेग मुद्दाम वेगळा मोजतात. तो आकडा त्यांच्या रोजच्या शास्त्रातलाच आहे. तोच आकडा प्रत्येक टॉवरसाठी, रात्री नऊच्या वेळेचा, लोकांसमोर ठेवावा. शेजपाळीचा कार्यक्रम आधी जाहीर होतो, म्हणून टेलचा शेतकरी माझं पाणी कुठे अडलं असं विचारू शकतो. हळदीच्या रानातल्या आखाड्यावर मोबाइल हातात धरून बसलेल्या माणसालाही तसंच विचारता यायला हवं.